पॉवरबुक जी४ (पॉवरपीसी) वर लिनक्स: वायफाय कार्ड दिसतं, फर्मवेअर चढतं, पण चालू व्हायला तयार नाही

महालकर_प्रेसवाला
नमस्कार मंडळी. विषय आडवळणाचा आहे, पण इथे जुन्या यंत्रांचे शौकीन बरेच दिसतात म्हणून टाकतोय.

यंत्र: ॲपलचं १५ इंची ॲल्युमिनियम पॉवरबुक जी४. इंटेलच्या आधीचं, पॉवरपीसी प्रोसेसरचं. रॅम २ जीबी, १-१ जीबीच्या दोन पट्ट्या. नागपुरात बर्डीवर जुन्या सामानाच्या दुकानात मिळालं. घ्यायचं कारण असं की महालात बाबांची प्रेस होती. तिथल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, एका मंडळाचे दिवाळी अंक, सगळं क्वार्कमध्ये (छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) केलेलं, सीड्यांवर पडून आहे. ते उघडायला टायगर (जुनं मॅक ओएस) आणि त्यातलं क्लासिक (त्याहून जुने प्रोग्रॅम चालवणारी सोय) लागतं. त्या बाजूने काम छान चाललंय.

अडचण दुसऱ्या पार्टिशनवर. आधीच्या मालकाने तिथे डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेलं आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याने स्वतः बांधलेला ५.१. उघडलेल्या फाइल्स मला इथून घरच्या सर्व्हरवर न्यायच्या आहेत. लॅनची वायर लावली तर नेट लगेच सुरू होतं. वायफाय मात्र नाही.

- एलएसपीसीआय (आतल्या कार्डांची यादी देणारी कमांड) म्हणतं: ब्रॉडकॉम बीसीएम४३०६
- ड्रायव्हर: बी४३
- आधी यूकोड५ नावाची फर्मवेअर फाइल नाही अशी तक्रार होती. लॅनवरून फर्मवेअरचं इन्स्टॉलर पॅकेज टाकलं, ती तक्रार गेली
- डब्ल्यूलॅन० (लिनक्समधलं वायफाय कार्डाचं नाव) दिसतो, पण अप (चालू) करायला गेलं की नकार
- मॅक ओएसमध्ये हेच कार्ड घरचं वायफाय पकडतं

कुणी काही सुचवेल का?

तर्रीबाज
भाऊ, कायले डोकं लावून राहिला? बर्डीवरच तीन-चारशेला यूएसबी डोंगल भेटते. लाव अन् मोकळा हो.

बिनकामाचा_इंजिनिअर
एनडीआयएसरॅपर करून पाहा. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवतं. माझ्या जुन्या डेलवर ब्रॉडकॉमचं कार्ड मी असंच चालवलं होतं. नाहीतर ब्रॉडकॉमचाच डब्ल्यूएल नावाचा ड्रायव्हर मिळतो, तो टाका.

बिट_बाई
दोन्ही चालणार नाहीत. एनडीआयएसरॅपर विंडोजचा तयार बांधलेला ड्रायव्हर उचलतं, म्हणजे त्यातल्या सूचना इंटेलच्या भाषेतल्या. पॉवरपीसीला त्या कळतच नाहीत. डब्ल्यूएलचंही तेच, त्यातला मुख्य भाग बंद स्वरूपात येतो आणि तो फक्त ३२ आणि ६४ बिटी इंटेल-एएमडीसाठी. अशा यंत्रावर ज्याचा सोर्स आहे तेवढंच आपलं.

बी४३ त्यातलाच. ब्रॉडकॉमने कागदपत्रं दिली नव्हती, लोकांनी चिप उलगडून ड्रायव्हर लिहिला. २००६ मध्ये तो बीसीएम४३एक्सएक्स नावाने कर्नल २.६.१७ मध्ये आला, पुढे २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ मध्ये बी४३ झाला. जी४ च्या एअरपोर्ट एक्स्ट्रीम कार्डांवर तो वर्षानुवर्षं वापरला गेलाय. त्यामुळे ड्रायव्हरवर इतक्यात संशय घेऊ नका.

प्रेसवाले, डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची नोंद) अख्खा टाका. बी४३ च्या ओळी गाळून निवडक नको. डब्ल्यूलॅन० अप करण्याच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही.

तर्रीबाज
ताई, डोंगलचं काय ते सांगा ना. सोपं सोडून अवघडात कायले शिरायचं?

बिट_बाई
तर्रीबाज, डोंगल सोपा आहे तो इंटेलवर. स्वस्त डोंगलमध्ये बहुतेक रिअलटेकची चिप असते आणि नव्या चिपचा ड्रायव्हर कंपनीच्या झिप फाइलमधून येतो. तो पॉवरपीसीवर बांधायला घेतला की आधी मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल) अडते. यूनेम (यंत्राचा प्रकार सांगणारी कमांड) म्हणतं "पीपीसी", मेकफाइल कर्नलच्या आर्च फोल्डरमध्ये "पीपीसी" शोधते, आणि तिथे फोल्डरचं नाव असतं "पॉवरपीसी". ते हाताने दुरुस्त केलं की पुढचा खड्डा: त्याच मेकफाइलमध्ये कॉन्फिग-लिटल-एंडियन असं ठोकून लिहिलेलं असतं.

जी४ बिग एंडियन चालतो. ०x१२३४ हा आकडा मेमरीत ठेवताना तो आधी १२ ठेवतो मग ३४. इंटेल आधी ३४ मग १२. चिपला जी माहिती द्यायची तिचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे ड्रायव्हरने जिथे-जिथे ती लिहिली-वाचली तिथे-तिथे उलटापालट करावी लागते. एक जागा राहिली तरी पॅकेटची लांबी भलतीच वाचली जाते. मेकफाइलमध्ये लिटलचं बिग केलं की बांधणी होते, पण बिग एंडियनवर तो कोड कंपनीत कुणी चालवून पाहिला असेल अशी आशा मी धरत नाही.

मुख्य कर्नलमधल्या ड्रायव्हरांना स्पार्स नावाचं तपासणी साधन लावता येतं. लिटल एंडियनचा आकडा न उलटवता वापरला की ते ओरडतं. म्हणून डोंगल घ्यायचाच तर एआर९२७१ चिपचा घ्या. त्याचा एटीएच९के-एचटीसी ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, फर्मवेअरचाही सोर्स खुला आहे. पण हे दुकानात विचारून बघा बरं, चिप कोणती म्हणून.

तर्रीबाज
विचारलं होतं एकदा. "निळ्या लाइटवाला पाहिजे की हिरव्या?" म्हणे 😂

पुणेकर_तूर्तास
धरमपेठेत वाढलेला माणूस, सध्या पुण्यात कूलरविना. प्रेसवाले, २ जीबी रॅम या पॉवरबुकची कमाल मर्यादा आहे, मस्त यंत्र मिळालंय. नागपूरच्या मे महिन्यात मात्र जपून, मांडीवर घेऊ नका. ॲल्युमिनियमची पाठ आधीच तापते, वरून बाहेर ४५.

महालकर_प्रेसवाला
कूलरच्या पुढ्यात टेबलावर ठेवलंय, फार जवळ नाही, तुषार उडतात.

बिटताई, डीमेसेज टाकायला पेस्टची लिंक निरोपात पाठवली आहे. अप केल्यावर शेवटची ओळ अशी काहीशी आहे (इंग्रजीतलीच मराठीत लिहितो): "हे यंत्र किंवा कर्नल आवश्यक तो ३०-बिट डीएमए मास्क पुरवत नाही." मला वाटलं ही नुसती सूचना असेल.

बिट_बाई
सापडलं बहुतेक. तीच ओळ सगळं सांगते. पण लगेच मान्य करू नका, दोन चाचण्या करा. दोन्हीला पैसे लागत नाहीत.

पहिली: बी४३ मोड्यूल काढून टाका आणि पीआयओ=१ क्यूओएस=० असे पर्याय देऊन परत चढवा. (कमांड देवनागरीत लिहितेय, टर्मिनलमध्ये इंग्रजीतच टाका हे सांगायला नको.) पीआयओ म्हणजे चिपने स्वतः मेमरीत हात घालायचा नाही, प्रोसेसरने एकेक शब्द नेऊन द्यायचा. हळू चालेल आणि प्रोसेसर खाईल, पण चालतं का ते बघा.

दुसरी: यंत्र परत सुरू करताना याबूटच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) बूट: प्रॉम्प्टवर लेबलच्या पुढे मेम=१०२४एम लिहा. पीआयओ वगैरे काही नाही, साधा ड्रायव्हर.

बिनकामाचा_इंजिनिअर
रॅमचा वायफायशी काय संबंध?

बिट_बाई
या चिपशी आहे. डीएमएमध्ये ड्रायव्हर चिपला सांगतो, "पॅकेट अमुक पत्त्यावर ठेवलंय, उचल." चिप प्रोसेसरला न विचारता तिथून उचलते. पण बीसीएम४३०६ ला पत्ता फक्त ३० बिटांचा लिहिता येतो. २ चा ३० वा घात म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, बरोब्बर १ जीबी. त्यापुढची मेमरी तिच्यासाठी नाहीच. प्रेसवाल्यांच्या यंत्रात २ जीबी आहे.

महालकर_प्रेसवाला
दोन्ही चाचण्या झाल्या.

पीआयओने वायफाय लागलं! पण एक पीडीएफ सर्व्हरवर टाकताना टॉपमध्ये प्रोसेसर वर चढून बसला आणि माऊस अडखळायला लागला. ५४ एमबीपीएस कागदावरच.

मेम=१०२४एम दिलं तर साधा ड्रायव्हर, डीएमएसकट, पहिल्या फटक्यात चालला. वेगही बरा.

तरी माझं समाधान होईना म्हणून रॅमची एक पट्टी खरोखर काढून पाहिली. बॅटरी काढायची, पोटावरच्या छोट्या झाकणाचे चार स्क्रू, त्यातला एक आधीच कुणीतरी फिरवून-फिरवून गोल करून ठेवलेला. त्याच्या डोक्यावर रबरबँड ताणून धरला आणि वरून स्क्रूड्रायव्हर दाबला, तेव्हा सुटला. दोन्हीकडच्या चापांना बोटांनी बाहेर ढकललं की पट्टी तिरपी वर येते. एका पट्टीवर, कुठलाही पर्याय न देता, वायफाय चालू. दुसरी परत बसवली, बंद. दोन पट्ट्यांची अदलाबदल करूनही तेच, म्हणजे पट्टी खराब नाही.

आता प्रश्न असा की अर्धी रॅम फुकट घालवायची का? आणि आधीच्या मालकाकडे हे कसं चालत होतं?

शून्य_एक_अमरावती
आधीच्या मालकाकडे १ जीबीच असेल. दुकानदाराने भाव वाढवायला दुसरी पट्टी टाकली असेल, पैज लावतो.

बिट_बाई
शक्य आहे. किंवा त्याचा आधीचा कर्नल जुना असेल. यातली गंमत सांगते, कारण खरी चूक चिपची नाहीच.

३२ बिटी पॉवरपीसीवर कर्नल नेहमीच्या मांडणीत पहिले ७६८ एमबी थेट आपल्या हाताशी ठेवतो. बाकीची मेमरी "हायमेम", तिथे प्रोग्रॅम राहतात. नेटवर्कच्या पॅकेटांसाठी लागणारी जागा त्या ७६८ एमबीमधूनच मिळते. म्हणजे २ जीबी असली तरी चिपला जो पत्ता दिला जातो तो १ जीबीच्या आतलाच. त्यामुळे ५.१ च्या आधी हे कार्ड २ जीबीवर बिनबोभाट चालायचं. तेव्हा ड्रायव्हर विचारायचा, "३० बिट चालतील का?" आणि ३२ बिटी पॉवरपीसीचा कोड डोळे मिटून "हो" म्हणायचा.

२०१९ मध्ये पॉवरपीसीचा डीएमए कोड साफसूफ करून सगळ्यांच्या सामाईक कोडवर नेला. सामाईक कोड शिस्तीचा. तो यंत्रातली शेवटची मेमरी कुठे संपते ते बघतो, आणि ३० बिटांत ती मावत नसेल तर सरळ "नाही" म्हणतो. पॅकेट कुठे ठेवलं जाणार आहे हे त्याला ठाऊक नसतं. १ जीबी असेल तर मावतं, म्हणून तुमची एक पट्टी काढली की तो राजी. ५.१ नेमका त्या फटीतला कर्नल आहे.

ही तक्रार तेव्हा पॉवरबुक जी४ वापरणाऱ्यांकडूनच आली होती, आणि तिच्या चर्चेत लॅरी फिंगरही होते. लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांमध्ये, बी४३ मध्येसुद्धा, त्यांचं फार मोठं काम. २०२४ मध्ये ते गेले. दुरुस्ती क्रिस्टोफ हेलविग यांची: ३२ बिटी पॉवरमॅकसाठी ३० बिटांचा वेगळा डीएमए पट्टा जाहीर करायचा, म्हणजे सामाईक कोडलाही कळतं की अशी जागा राखलेली आहे. ५.२ मध्ये ती आली.

बूट फोल्डरमध्ये ४.१९ सारखा जुना कर्नल शिल्लक आहे का?

महालकर_प्रेसवाला
नाही. बूटमध्ये फक्त ५.१ आहे. आणि ॲप्ट अपडेट केलं तर सही कालबाह्य झाली म्हणून सगळंच नाकारतं.

पुणेकर_तूर्तास
ते अपेक्षित आहे. डेबियन ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, ३२ बिटी पॉवरपीसी अधिकृत यादीत नाही, पोर्ट्स नावाच्या अनधिकृत शाखेत आहे. पोर्ट्सच्या सहीच्या किल्ल्या ठराविक काळाने बदलतात. डेबियन-पोर्ट्स-आर्काइव्ह-कीरिंग हे पॅकेज दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणा आणि डीपीकेजीने टाका. ते सगळ्या आर्किटेक्चरना एकच असतं.

पण त्यानंतर अख्खं अपग्रेड मारू नका! पोर्ट्समध्ये फक्त सिड (डेबियनची सतत बदलत राहणारी आवृत्ती) आहे. २०१९ च्या सिडवरून आजच्या सिडवर एका उडीत जायचं म्हणजे मधे २०२४ चा ६४ बिटी वेळेचा बदलही येतो, ज्यात ३२ बिटी आर्किटेक्चरांच्या ढीगभर लायब्ररींची नावं बदलली. अर्ध्यात लटकलं तर क्वार्कच्या फाइल्स राहतील बाजूला.

बिट_बाई
सहमत. फक्त कर्नल बदला. आणि तो जी४ वर बांधत बसू नका, या उन्हात तर नाहीच. घरात इंटेलवाला उबुंटू किंवा डेबियन असेल तर:

जीसीसी-पॉवरपीसी-लिनक्स-जीएनयू हे क्रॉस कंपायलरचं (एका यंत्रावर दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी बांधणारं) पॅकेज टाका. कर्नल ५.१० चा सोर्स घ्या. दीर्घकाळ सांभाळलेला आहे आणि तुमच्या जुन्या डेबियनशी पटेल. पॉवरबुकच्या बूटमधली ५.१ ची कॉन्फिग फाइल आणून डॉट-कॉन्फिग म्हणून ठेवा. मग आर्च=पॉवरपीसी आणि क्रॉस-कंपाइल=पॉवरपीसी-लिनक्स-जीएनयू- (शेवटची आडवी रेघ विसरू नका) देऊन आधी ओल्डडेफकॉन्फिग, मग बिनडेब-पीकेजी. शेवटी डेब फाइल मिळेल. डीबग-इन्फो बंद करा, नाहीतर पॅकेज अवाढव्य होतं.

डीएमएच्या पट्ट्यासाठी काही निवडावं लागत नाही, पॉवरमॅक निवडलेलं असलं की तो आपोआप येतो.

शून्य_एक_अमरावती
याबूटवाल्यांसाठी एक: पॉवरपीसीवर कर्नलची फाइल व्हीएमलिनक्स असते, शेवटी झेड नाही. याबूट-डॉट-कॉन्फमध्ये नवीन नाव टाकलं की वायबिन चालवायचंच, कारण बूट होताना वाचली जाते ती बूटस्ट्रॅप पार्टिशनवरची प्रत. आणि ५.१ वेगळ्या लेबलने ठेवून द्या, अडीअडचणीला.

महालकर_प्रेसवाला
भावाच्या लॅपटॉपवर बांधायला घेतलं. मधेच थांबलं, सर्टिफिकेटची कुठलीशी फाइल बनवता येत नाही म्हणे.

बिट_बाई
कॉन्फिगमध्ये सिस्टिम-ट्रस्टेड-कीज शोधा, अवतरणचिन्हांच्या आतलं सगळं पुसा, नुसती "" राहू द्या. परत चालवा.

तर्रीबाज
हे सगळं होईस्तोवर पेनड्राइव्हने फाइली नेल्या असत्या ना भाऊ 😄

महालकर_प्रेसवाला
नेता आल्या असत्या तर्रीबाज. पण आता हे सोडवत नाही.

महालकर_प्रेसवाला
झालं!! ५.१० वर आहे. दोन्ही पट्ट्या बसलेल्या, मेम नाही, पीआयओ नाही. डब्ल्यूलॅन० मुकाट्याने अप होतो.

डीमेसेजमध्ये मेमरीचे पट्टे बघितले. आधी डीएमएची ओळच नव्हती, सुरुवात नॉर्मलपासून होती. आता शून्यापासून ७६८ एमबीपर्यंत डीएमए, नॉर्मल रिकामा, त्याच्या वर २ जीबीपर्यंत हायमेम. हे बरोबर ना?

१९९९ च्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आत्ता वायफायवरून सर्व्हरवर गेलं. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "यात लाल जरा जास्त मारला होता." बिटताई, पुणेकर, शून्य_एक, सगळ्यांचे आभार. तर्रीबाज, तुला एक प्लेट तर्री पोहे लागू.

बिट_बाई
अगदी बरोबर आहेत पट्टे. एक लक्षात असू द्या: हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. राऊटर बदलाल तेव्हा २.४ चालू ठेवा, नाहीतर परत ड्रायव्हरच्या मागे लागाल.

तर्रीबाज
एकच प्लेट? 🙄

हिंगणा_टी_पॉइंट
धागा वाचून विचारतो. माझ्याकडे रिस्क-व्ही (वेगळ्या जातीचा प्रोसेसर) चा बोर्ड आहे, त्यावर रिअलटेक ८१८८ईयू चा डोंगल लावून राहिलो. कंपनीचा ड्रायव्हर बांधताना "आर्च/रिस्कव्ही६४/मेकफाइल सापडत नाही" असं येते. तेच एंडियनचं प्रकरण आहे का?

बिट_बाई
नाही, एंडियनची काळजी तुम्हाला नाही, तुमचा बोर्ड लिटल एंडियन आहे. हा फक्त फोल्डरच्या नावाचा घोळ: यूनेम "रिस्कव्ही६४" सांगतं, कर्नलमध्ये फोल्डर आहे "रिस्कव्ही". मेक चालवताना आर्च=रिस्कव्ही द्या, पुढे जाईल.

पण त्याआधी बोर्डवर कर्नल कोणता आहे ते सांगा. अलीकडच्या ६.एक्स कर्नलमध्ये ८१८८ईयू ला आरटीएल८एक्सएक्सएक्सयू हा कर्नलमधलाच ड्रायव्हर सांभाळतो. तसं असेल तर कंपनीची झिप उघडायचीसुद्धा गरज नाही, नुसतं फर्मवेअरचं पॅकेज लागेल.

हिंगणा_टी_पॉइंट
५.१५ आहे. बोर्डवाल्यांनी दिलेला.

बिट_बाई
मग आर्च=रिस्कव्ही देऊनच बांधा. त्या कर्नलच्या हेडर फाइल्स आहेत का ते आधी बघा. बोर्डवाले अनेकदा देतच नाहीत.